टोकाच्या खोलीचा पुरवठा

आमच्या घरातल्या वायफायचं जे काही झालं, त्याचं मुख्य कारण म्हणजे मी चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होतो.

दुसरं कारण आमचं घर. धायरीत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी असायची, तेव्हा मी तिथं प्लॉट घेतला आणि स्वतः उन्हात उभा राहून घर बांधून घेतलं. पुढे हॉल, मग स्वयंपाकघर, मग मधली खोली आणि शेवटी मागची खोली, अशी चार खोल्यांची सरळ रांग. बाजूनं लांबलचक पॅसेज. इंजिनिअरचं घर म्हटल्यावर भिंती जरा जास्तच जाड झाल्या आणि स्लॅबमध्ये सळई जरा जास्तच पडली. (मिस्त्रीनं एकदा विचारलंही होतं, "साहेब, वर धरण बांधायचंय का?") भूकंप झाला तर धायरीत आमचं एकच घर उरेल, असं मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत असे. पुढं मोबाइल आले आणि कळलं, की या भिंतींतून भूकंपच काय, रेंजसुद्धा आत येत नाही. फोन वाजला की आम्ही अजूनही पोर्चमध्ये धावतो.

वायफायचा डबा हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. आमची मुलगी रश्मी हडपसरला एका आयटी कंपनीत आहे, लग्नानंतर तिकडंच राहते. तिनंच तो बसवून दिला होता. हॉलमध्ये नेट जोरात, स्वयंपाकघरात बरं, मधल्या खोलीत पडद्यावर नुसतं गोल गोल फिरणारं चक्र आणि मागच्या खोलीत काहीच नाही. 'टोकाच्या भागात पुरवठा कमी दाबाने होतो' हे वाक्य मी नोकरीत इतक्या अर्जांवर लिहिलं होतं, की मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते सुजाताला. सुजाता म्हणजे माझी बायको. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी पाली विषय घेऊन एम.ए.ला बसली. त्यालाही कारण होतं. छप्पन साली तिच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा ते विशीत होते. रोज सकाळी पालीतली बुद्धवंदना म्हणायचे, खणखणीत आवाजात, एक अक्षर न चुकता. पण लहानग्या सुजातानं अर्थ विचारला की म्हणायचे, "ते तू शिक आणि मला सांग पोरी." ते गेले आणि सांगायचं राहिलं. म्हणून ही साठीला टेकलेली बाई रोज पहाटे उठून विभक्ती घोकत होती. मला तिचं फार कौतुक वाटायचं. (बोलून दाखवलं नाही. आमच्या खात्यात तशी पद्धत नव्हती.)

लेखी पेपर झाले आणि राहिली तोंडी परीक्षा. परीक्षक मॅडम परगावच्या, त्यामुळे ती ऑनलाइन होती.

"चाळीस मिनिटं घेणार आहेत," सुजाता म्हणाली. "आणि मध्येच नेट गेलं तर दहा मिनिटं थांबतात. तेवढ्यात आलं नाही तर गैरहजर. मग पुढच्या वर्षी."

"मग हॉलमध्ये बस की. डब्याच्या शेजारी."

"बाहेर ऐका जरा."

बाहेर काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालू होता. आमच्यासमोरचा रस्ता नव्या जलवाहिनीसाठी खोदायला घेतला होता आणि काम महिनाभर तरी चालणार होतं. हॉलमध्ये आम्ही टीव्ही वाचून बघायचो, म्हणजे खालची पट्टी वाचायची आणि वर कोण काय बोलत असेल त्याचा अंदाज करायचा. मी जाऊन मुकादमाला म्हटलं, परीक्षेच्या दिवशी काम थांबव. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही खात्यात असताना थांबवलं असतं का?" मी घरी परत आलो.

"मागच्या खोलीत अजिबात आवाज येत नाही," सुजाता म्हणाली.

"येणारच नाही. भिंती कुणी बांधल्यात?"

"म्हणूनच नेटही येत नाही."

मी पोर्चमध्ये जाऊन, एका कानात बोट घालून, रश्मीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, सोप्पं आहे. पॅसेजमधून वायर ओढायची आणि मागच्या खोलीत दुसरा डबा लावायचा. मी माणूस पाठवते. अर्ध्या तासाचं काम आहे."

"काही गरज नाही. मी बघतो."

"तुम्ही काय बघणार?"

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता. अर्ध्या पुण्याला पाणी पोचवलेला माणूस चाळीस फुटांवरच्या खोलीत इंटरनेट पोचवू शकत नाही, असा त्याचा अर्थ होत होता. मी फोन ठेवला आणि शिडी काढली.

पाणी आणि वायफाय यांत तत्त्वतः काही फरक नाही, असं माझं मत होतं. दोन्ही लांबून येतात, दोन्ही सकाळी सगळ्यांना एकदमच हवी असतात आणि दोन्ही आपल्यापेक्षा शेजाऱ्याला जास्त येतात. आता टाकी जेवढी उंच, तेवढं खाली प्रेशर, हे शाळेतलं मूलही सांगेल. आणि आमचा डबा होता कुठं, तर जमिनीपासून दोन फुटांवर. पॅसेजच्या मधोमध, स्वयंपाकघर संपतं तिथं, आमचा माळा आहे. मी वायरची सगळी गुंडाळी सोडली, ती पॅसेजमधून ओढत नेली आणि डबा माळ्यावरच्या धान्याच्या लोखंडी कोठीवर बसवला. स्लॅबच्या खाली याहून उंच जागा घरात नव्हती.

"आता बघ," मी शिडीवरून ओरडलो.

मागच्या खोलीतून आवाज आला, "नाही."

"आता?"

"अहो, दारात उभं राहिलं की एक काडी दिसायची, ती पण गेली."

याचा अर्थ वाटेत अडथळा होता. लाइन टाकताना वाटेत काही आलं तर ते हटवायचं असतं. मी पाहणी केली. मधल्या खोलीचं दार पॅसेजमध्ये उघडत होतं, ते सुताराला बोलावून बिजागऱ्यांसकट काढलं. मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट स्वयंपाकघरात नेलं. त्यामुळे फ्रिजचं दार वीतभरच उघडायला लागलं, पण आमच्याकडे दोघंच माणसं, वीतभर पुष्कळ होतं. (कलिंगड मात्र त्या महिन्यात आणलं नाही.)

"आता कसं येतंय?"

"येत नाहीये. आणि माझ्या साड्या स्वयंपाकघरात काय करतायत?"

मी तिला समजावून सांगितलं, की हे सगळं तिच्यासाठीच चाललंय. ती काही न बोलता साड्या हुंगत आत गेली. त्यांना फोडणीचा वास लागला होता.

मग मला खरी गोम कळली. डबा चारी बाजूंना रेंज सोडत होता. हॉलकडची अर्धी रेंज वाया चालली होती, हॉलमध्ये कुणी नसताना. पाणी वळवायचं तर बांध घालावा लागतो. मी स्वयंपाकघरातली मोठी परात घेतली आणि डब्याच्या मागं, हॉलच्या बाजूनं, तिरकी उभी केली.

दुपारी सुजातानं विचारलं, "परात कुठाय?"

"वापरात आहे."

त्या दिवशी तिनं पातेल्यात कणीक मळली. आणि संध्याकाळी मी विचारलं, "आता कसं येतंय?" तर ती म्हणाली, "छान येतंय."

माझा विश्वास बसेना. "छान म्हणजे?"

"छान म्हणजे छान. एका भन्तेंचं तासाभराचं प्रवचन ऐकलं, एकदाही अडकलं नाही. आता कृपा करून शिडी ठेवून द्या."

मी जाऊन बघितलं. तिच्या लॅपटॉपवर सगळ्या काड्या उभ्या. नोकरीत एखाद्या टेकडीवरच्या वस्तीत पहिल्यांदा पाणी चढायचं, नळाला आधी फुसफुस हवा यायची आणि मग धार लागायची, तेव्हा व्हायचा तसा आनंद मला झाला. माझ्या स्वतःच्या फोनवर मात्र त्याच खोलीत जेमतेम एकच काडी होती. फोन जुना झाला असणार, असं मी ठरवलं.

सुजातानं शिडी ठेवायला सांगितली होती, पण यश मिळाल्यावर कोण थांबतं? मी रोज सकाळ-संध्याकाळ वहीत नोंदी ठेवायला लागलो. सकाळच्या फिरण्यात निवृत्त मंडळींना माझी परातपद्धत समजावून सांगितली. बिबवेवाडीला माझे साडू राहतात, त्यांना फोनवरून सविस्तर सूचना देऊन त्यांचाही डबा माळ्यावर चढवला. (ते पुढं महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नेट नसल्यामुळे जमलं नसेल, असं मी धरून चाललो.) रोज संध्याकाळी मी मागच्या खोलीत डोकावून विचारायचो, "कसंय प्रेशर?" आणि सुजाता वहीतून मान वर न करता म्हणायची, "उत्तम."

परीक्षा गुरुवारी अकराला होती. सोमवारी माझ्या मनात आलं, ऐन वेळी प्रेशर पडलं तर? सणासुदीला आम्ही काय करायचो? टोकाच्या वस्तीला पाणी कमी पडू नये म्हणून वाटेतले व्हॉल्व्ह तासभर बंद ठेवायचो. आमच्या घरात बंद करण्यासारखा मी एकटाच होतो. तेव्हा मागच्या खोलीत उभा राहून मी फोनमध्ये आजूबाजूला कुणाकुणाची वायफाय आहेत ते बघितलं, आणि चोर सापडला. आमच्या वायफायला एक काडी होती आणि त्याच खोलीत शेजारच्या बेनकरांच्या वायफायला पाच. रश्मी कधीतरी बोलता बोलता म्हणाली होती, की शेजारशेजारची वायफाय एकमेकांच्या आड येतात. तेवढं वाक्य मला पुरलं. थोरली लाइन धाकट्या लाइनीचं प्रेशर मारत होती.

तात्या बेनकर मूळचे धायरीचे. आमचा प्लॉट त्यांच्याच वडिलांच्या रानातला. उरलेल्या रानात तात्यांनी तीन मजली बंगला बांधलाय, बंगल्याला आठ कॅमेरे आणि दर मजल्याला वायफायचा एकेक डबा. मी गेलो तेव्हा ते ओट्यावर चहा घेत होते.

"रामराम साहेब. या, बसा."

"जय भीम तात्या. एक काम होतं. गुरुवारी अकरा वाजता तासभर तुमचं वायफाय बंद ठेवाल का?"

तात्यांनी कप खाली ठेवला. "का वो? काय झालं?"

"सुजाताची तोंडी परीक्षा आहे, इंटरनेटवर. तुमच्या लाइनीमुळं आमच्या टोकाला प्रेशर पडतं."

"वायफायला बी प्रेशर असतंय?"

"असतं तर." मी बोटानं ओट्यावर आकृती काढून दाखवली. टाकी, मुख्य लाइन, पोटलाइन, व्हॉल्व्ह.

तात्यांनी बराच वेळ आकृतीकडं बघितलं. "मला त्यातलं काय कळत न्हाय साहेब. पर तुमी म्हणताय म्हंजे असंल. कॅमेरं बंद पडतील पर."

"तासाभरात कोण येतंय?"

"ते बी हाय. आन वहिनींची परीक्षा म्हणल्यावर बोलायचंच न्हाय. अकराला ना? मेनच पाडतो. खटका पाडला की इषय संपला."

मला भरून आलं. असे शेजारी मिळायला भाग्य लागतं. सुजाताला मी काही सांगितलं नाही. परीक्षा झाली की सांगायचं आणि तिचं आश्चर्य बघायचं, असा बेत होता.

गुरुवारी सुजातानं पांढरी साडी नेसली, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. शेवटी वडिलांच्या फोटोपुढं हात जोडून थोडा वेळ उभी राहिली. साडेदहालाच मागच्या खोलीत जाऊन बसली, कानाला हेडफोन लावले आणि दार ओढून घेतलं. मी पॅसेजमध्ये स्टूल टाकून पहाऱ्याला बसलो. अकरा वाजता आतून तिचा आवाज आला, "नमस्कार मॅडम." स्वच्छ, न अडखळता. मी माळ्यावरच्या परातीकडं समाधानानं बघितलं.

तात्यांचं घड्याळ पाच मिनिटं मागं असावं. अकरा वाजून पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "मॅडम, ऐकू येतंय का? मॅडम?" आणि मग काहीच नाही. मला वाटलं मॅडमनी अवघड प्रश्न विचारला असेल.

दार उघडलं. सुजाता दारात उभी होती, चेहरा पार उतरलेला.

"अहो, बेनकरांकडची लाइट गेलीय का?"

"नाही. का गं?"

"त्यांचं वायफाय गेलंय."

मी हसलो. म्हटलं आता सांगायला हरकत नाही. "गेलं नाही, मी बंद करवलंय. तात्यांना सोमवारीच सांगून आलो होतो. तुला प्रेशर कमी पडू नये म्हणून."

सुजाता भिंतीला टेकली. "मी त्यांच्याच वायफायवर होते हो."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि न कळतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"कधीपासून?"

"तुम्ही परात वर नेलीत त्या दिवसापासून. बेनकरांच्या मंगलवहिनींनी खिडकीतून विचारलं, काय चाललंय एवढी ठोकाठोक. मी सांगितलं. म्हणाल्या, आमचं घ्या की, तुमच्या खिडकीत धो धो येतंय. त्यांनी पासवर्ड दिला."

"मग मला सांगायचंस ना."

"तुम्ही इतके खूश होतात. आणि सांगितलं असतं तर तुम्ही भिंत फोडली असतीत."

(हे खरं आहे. भिंतीवर मी खडूनं खूण करून ठेवली होती.)

"दहा मिनिटं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. दोन वर्षांचा अभ्यास आणि वडिलांना सांगायचा राहिलेला अर्थ, सगळं त्या दहा मिनिटांवर आलं होतं, आणि ते मी आणलं होतं. मी पळत पोर्चमध्ये गेलो. ब्रेकर चालूच होता.

"तात्या, वायफाय चालू करा."

"कोन? साहेब का? झाली का परीक्षा?"

"नाही झाली. वायफाय चालू करा."

"झाली न्हाय तर चालू कसं करू? तुमीच तासभर म्हणला न्हवं?"

"तात्या, माझं चुकलं. आत्ता चालू करा."

"आता कुठं करू? मेन पाडून, कुलूप घालून मार्केट यार्डाला निघालोय. आत्ताच हायवेला लागलोय, मागं फिरायला जागा न्हाय. वळायचं म्हणलं तर अर्धा तास धरा."

"दुसरी किल्ली?"

"मंगलकडं. ती रविवारपासनं हडपसरला हाय, बहिणीकडं."

मी रश्मीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. "आईला मोबाइलचं नेट देता येईल?"

"घरात रेंज कुठाय?"

"पोर्चमध्ये बसवा मग."

"हा आवाज ऐकतेयस ना?"

"हो. डबा कुठाय सध्या?"

"माळ्यावर."

"माळ्यावर कशावर?"

"लोखंडी कोठीवर. मागं परात लावलीय."

रश्मीला मी लहानपणापासून ओळखतो, ती दहा आकडे मोजत होती. "बाबा," ती शेवटी म्हणाली, "तो डबा खाली काढा. वायर पुरेल तितका आईच्या जवळ न्या. बाकी काही करू नका. प्लीज, बाकी काहीही करू नका."

मी शिडी लावली. परात माझ्या खांद्यावरून घसरून खाली पडली आणि पॅसेजभर घणघणत गोल फिरली. डबा काखेत मारून उतरलो, स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला, पिन लावली. डब्याला जाग यायला पूर्ण दोन मिनिटं लागतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. ती दोन मिनिटं सुजाता एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात घड्याळ घेऊन समोर उभी होती. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

वायर मागच्या खोलीच्या दारापर्यंत पोचली, पण जेमतेम. ती माळ्यावरून, वरून येत होती, त्यामुळे डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला तरच पुरत होती. हात जरा खाली आले की ताणून सुटायला बघायची. मी उंबऱ्यात हात वर करून उभा राहिलो. सुजाता माझ्याकडं तोंड करून खुर्चीत बसली, म्हणजे मी तिला दिसत होतो आणि मॅडमना नव्हतो.

"आली रेंज," ती पुटपुटली. दहातली नऊ मिनिटं गेली होती.

"नमस्कार मॅडम. माफ करा, घरात जरा," तिनं माझ्याकडं बघितलं, "तांत्रिक अडचण आली होती."

परीक्षा पुन्हा सुरू झाली. मॅडम काय विचारत होत्या ते हेडफोनमुळे मला कळत नव्हतं, पण सुजाता काय बोलत होती ते ऐकू येत होतं. आधी आवाज कापरा होता. मग एक गाथा म्हटली, तिचा अर्थ सांगितला, आणि हळूहळू तिचा आवाज भरला. वर्गात शिकवायची तसा. तिच्या वडिलांच्या वंदनेतली एकेक ओळ ती उलगडून सांगत होती आणि मी हात वर करून ऐकत होतो. हाताला मुंग्या आल्या, मग हात आहेत की नाहीत तेच कळेनासं झालं, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. तेहतीस वर्षांच्या संसारात ही बाई एवढी हुशार आहे हे मी असं उभं राहून कधी ऐकलंच नव्हतं. नाकावर माळ्यावरचं जाळं चिकटलं होतं, तेही मी पुसलं नाही.

शेवटी शेवटी ती म्हणाली, "क्षांती. दहा पारमितांपैकी, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या दहा गुणांपैकी, एक. क्षांती म्हणजे सहनशीलता, पण हतबल होऊन सोसणं नव्हे. समोरच्याबद्दल मनात राग न धरता सोसणं." मग मॅडमनी काहीतरी विचारलं. "रोजच्या जगण्यातलं उदाहरण? देते ना." तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि सकाळपासून पहिल्यांदाच हसली. "माझे यजमान," ती म्हणाली. पुढचं ती हळू बोलली. मला तुटक तुटक ऐकू आलं. तीन आठवडे, एक शब्द न बोलता, आत्तासुद्धा या क्षणी.

एवढं सगळं करून ठेवलं होतं मी, आणि तिनं त्यातूनही माझे वर धरलेले हात तेवढे बघितले. मी डबा आणखी दोन इंच वर उचलला.

बाराला दहा मिनिटं असताना परीक्षा संपली. मी हात खाली आणायचा प्रयत्न केला, ते आले नाहीत. सुजातानं एकेक करून खाली आणून दिले आणि दोन्ही दंडांना तेल लावलं. मॅडमनी शेवटी अभिनंदन केलं होतं, उत्तीर्ण झाल्यात जमा होती. ती तशीच उठून वडिलांच्या फोटोपुढं जाऊन बसली आणि बराच वेळ काहीतरी सांगत होती. मी तिकडं गेलो नाही.

दुपारी तात्या आले ते थेट आत. "झाली का परीक्षा वहिनी? आपण बगा, बोलल्याप्रमाणं खटका पाडला." सुजातानं त्यांना पेढा दिला आणि खरोखर मनापासून आभार मानले. तात्या मला म्हणाले, "म्हंजे तुमचं ते प्रेशरचं खरंच हाय म्हणायचं." मी पेढा खात होतो, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

संध्याकाळी चहा झाल्यावर, सहज विचारल्यासारखं दाखवत मी म्हटलं, "सहनशीलतेला माझं उदाहरण दिलंस ते."

"ऐकलंत वाटतं."

"थोडं थोडं. पूर्ण काय म्हणालीस?"

सुजातानं कप खाली ठेवला आणि परीक्षेत म्हणाली असेल तस्संच, शांतपणे सांगितलं. "म्हटलं, माझे यजमान तीन आठवडे घर उकरतायत. दार काढलं, कपाट हलवलं, परात पळवली, परीक्षा चालू असताना नेट बंद पाडलं. मी त्यांना एक शब्द न बोलता, मनात राग न धरता राहिले. आत्तासुद्धा या क्षणी ते समोर उभे आहेत आणि मी त्यांच्याकडं बघून हसतेय. मॅडम, क्षांती म्हणतात ती हीच."

"मग? मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, इतक्या वर्षांत इतकं चपखल उदाहरण कुणी दिलं नव्हतं. त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण दिले."

पुढं निकाल लागला, सुजाता पहिल्या वर्गात आली. तिच्या दोन वर्षांच्या अभ्यासात माझी कुठंच काही मदत झाली नाही असं रश्मी म्हणते, ते मला मान्य नाही. त्या एका प्रश्नाचे सगळे गुण माझे आहेत.